सगळे आले का? (वडिलांची कुठली गोष्ट तुमच्यात उरली?)

मुक्काम_सातारा | १२ जून, सकाळी ९:१०

काल रात्री साडेअकराला मी गॅसचा कॉक बघितला, मोरीतला नळ आवळला, दाराची कडी दोनदा ओढून पाहिली आणि दिवा मालवता मालवता विचारलं, "सगळे आले का?"

बायको पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणाली, "सगळे म्हणजे कोण?"

घरात आम्ही दोघंच. लेक नागपूरला होस्टेलवर. कुत्रं-मांजरही नाही.

हा प्रश्न अण्णांचा. अण्णा म्हणजे माझे वडील, जिल्हा परिषदेत हेडक्लार्क होते. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. साताऱ्याच्या जुन्या घरात आम्ही अकरा माणसं होतो, त्यामुळे त्यांच्या तोंडी तो प्रश्न शोभायचा. काका रात्रपाळीला जाणार, आत्या शिकवणीहून यायची, कुणी पिक्चरला गेलेलं. सगळे आल्याशिवाय कडी लागायची नाही.

गंमत अशी की अण्णांनी मला जे शिकवायचा प्रयत्न केला त्यातलं काहीच राहिलं नाही. तीसपर्यंत पाढे, पावकी-निमकी, पहाटे उठणं, जमाखर्चाची वही. सगळं वाहून गेलं. आणि जे त्यांनी कधी शिकवलं नाही ते मात्र हुबेहूब आलंय, कडी ओढायची लकब सुद्धा (आधी डावीकडे, मग आपल्याकडे).

तुमच्यात काय उरलंय? 'बाबा माझे आदर्श' वगैरे नको. फादर्स डे रविवारी आहे, तिकडे ते चालेल.

दीडशहाणा | ९:२२

टक्कल. बाकी संशोधन चालू आहे.

भुसावळ_जंक्शन | ९:५८

मस्त धागा. माझे वडील भुसावळला इंजिन ड्रायव्हर होते. आता लोको पायलट म्हणतात, तेव्हा ड्रायव्हरच. समोर सिग्नल दिसला की तो मोठ्यानं म्हणायचा आणि शेजारच्या सहायकानं तेच परत म्हणायचं, असा नियम. एकाची नजर चुकू शकते, दोघांच्या तोंडून एकच निघालं की खात्री. वडिलांना ती सवय इतकी लागलेली की बाजारात चालतानाही पुटपुटायचे.

मी पुण्यात आयटीत आहे, रुळांशी संबंध नाही. पण कार चालवताना चौक आला की तोंडून निघतंच, "हिरवा." लग्नानंतर महिनाभरात बायकोनं कारण विचारलं, मी सांगितलं. त्या दिवसापासून गेली सोळा वर्षं ती शेजारी बसून "हिरवा" म्हणते. मध्यंतरी नळ स्टॉपला मी "हिरवा" म्हणालो, ती "पिवळा" म्हणाली आणि मी जागच्या जागी ब्रेक मारला. मागच्या रिक्षावाल्यानं जे उच्चारलं ते कुठल्याच नियमावलीत नाही.

अजून एक. त्या काळी ड्युटी लागली की कॉलबॉय घरी यायचा. रात्री दोनला, तीनला, कधीही. सायकल, हातात वही, सही घ्यायची आणि चालू पडायचं. मग वडील दिवसा झोपायचे आणि आम्ही चारही भावंडं कुजबुजत मोठी झालो. आजही चौघं एकत्र जमलो की पाहुण्यांना वाटतं घरात कुणीतरी आजारी आहे.

सांजवात | १०:१५

@भुसावळ_जंक्शन, हसून हसून पुरेवाट! वहिनींना नमस्कार सांगा.

माझं काही एवढं भारी नाही. टूथपेस्टची ट्यूब संपली की कात्रीनं उभी कापते. आणि रिकाम्या खोलीत पंखा दिसला की बाबांचंच वाक्य बाबांच्याच आवाजात बाहेर पडतं, "पंखा कुणासाठी चालू आहे, भुतांसाठी?"

दीडशहाणा | १०:१९

आमच्याकडे "लाईट बिल काय तुझा बाप भरतो?" असं होतं. एकदा मी "हो" म्हणालो. पुढचं आठवत नाही.

गिरणगावची | ११:४०

मूळ प्रश्नाचं उत्तर: मी भाजीवाल्याशी घासाघीस करू शकत नाही.

बाबा लोअर परळच्या एका गिरणीत साचा खात्यात (म्हणजे मागावर) होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी आठ वर्षांची. अडीच लाख कामगार बाहेर पडले म्हणतात, मला त्यातला एकच दिसत होता. पहिले काही महिने रोज कपडे करून बाहेर पडायचा, सभेला, मोर्चाला. मग सभा कमी झाल्या तरी कपडे करून बाहेर पडायचा. संप मागे घेतला असं रीतसर कुणी जाहीर केलंच नाही, म्हणून बाबांच्या लेखी तो कधी संपला नाही. शेजारचे बरेच जण गावाकडे गेले. आम्हाला गावी ना जमीन ना घर.

मग ते पहाटे दादरहून भाजी आणून चाळीच्या तोंडाशी विकायला बसू लागले. मी शाळेतून येताना बघायचे. एकदा आमच्याच मजल्यावरची बाई मेथीच्या जुडीवरून चार आण्यांसाठी हुज्जत घालत होती. ती ओळखीची, आमच्याकडे हळदीकुंकवाला येणारी. बाबा मान खाली घालून जुड्यांवर पाणी शिंपडत होते. शेवटी न बोलता जुडी तिच्या पिशवीत टाकली. मी दप्तर घेऊन जिन्याखाली उभी राहिले, ती गेल्याशिवाय पुढे गेले नाही.

बाबा त्या संपाबद्दल घरी एक अक्षर बोलले नाहीत. मी बँकेत लागले तेव्हा फक्त विचारलं, "पर्मनंट ना?"

आता नवरा म्हणतो तुला भाजीवाले लुबाडतात. लुबाडू देत.

(आणि तीन महिन्यांचा तांदूळ, तूरडाळ भरलेली असते. पोरकिडे होतात, माहीत आहे.)

मुक्काम_सातारा | ११:५५

@गिरणगावची, वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही. लिहिलंत, बरं केलंत.

नाव_नको | दुपारी १:३०

नवीन आयडी घेऊन लिहितोय, समजून घ्या.

धागा वाचताना बरं वाटतंय आणि चीडही येतेय. माझा बाप प्यायचा आणि आईला मारायचा. मी ठरवून उलटा झालो. दारूला हात लावत नाही, कुणावर हात उचलत नाही. नातेवाईक म्हणतात, बापाचा एकही गुण लागला नाही हो पोराला. मीही तसंच समजत होतो.

पण दारात किल्ली फिरली की मी अजून कान देतो. कुलपाला किती वेळ लागतोय, चपला कशा पडल्या, पहिला शब्द कुठल्या पट्टीत. आता येते ती माझी बायको, ऑफिसातून. तिचा दिवस कसा गेला हे मला ती बोलायच्या आत कळतं. ती मैत्रिणींना सांगते, माझ्या नवऱ्याला न सांगता समजतं. हे मी कुठे शिकलो ते तिला माहीत नाही.

"सगळे आले का" आमच्या घरी कुणी विचारलं नाही. सगळे येऊ नयेत असंच वाटायचं.

मोरपिसारा | १:५२

@नाव_नको, त्रास झाला हे मान्य. पण जन्मदात्याला "माझा बाप", "प्यायचा" असं एकेरी? कितीही झालं तरी वडील ते वडील.

गिरणगावची | १:५८

मोरपिसारा, आत्ता इथे व्याकरण महत्त्वाचं होतं का?

तात्यांचा_बंड्या | २:२०

एकेरीचा आणि आदराचा काही संबंध नाही हो. आमच्याकडे कोल्हापूरला वडिलांना सरळ "ए दादा". मी त्यांना दादा म्हणायचो कारण धाकटे काका त्यांना दादा म्हणायचे, एकत्र कुटुंबात पोरं जे ऐकतात तेच उचलतात. शाळेत मास्तर म्हणाले उद्या वडिलांना घेऊन ये. मी म्हटलं, "दादाला आणतो." ते म्हणाले, "भाऊ नको, वडील पाहिजेत." मी म्हटलं, "तेच की." उद्धटपणाबद्दल दोन छड्या.

(आयडीतले तात्या म्हणजे आजोबा. गोंधळ पिढीजात आहे.)

सांजवात | २:३१

आमच्या घरी त्याहून चमत्कारिक. मोठा दादा बाबांना "अहो बाबा" म्हणतो, मी "अरे बाबा". सहा वर्षांचं अंतर. मधल्या काळात बाबा बदलले की जमाना बदलला, देव जाणे. दादाच्या वाट्याला आलेले बाबा मी पाहिलेच नाहीत. तो छडीच्या गोष्टी सांगतो, मला वाटतं थापा मारतोय.

आईला मात्र दोघंही "अगं". तिला कुणी विचारलंही नाही.

वऱ्हाडी_ठेचा | ३:०५

आमच्याकडे बाबूजी. अन् "तुमी". बसल्या जागेवरून उठून बोलाचं.

आता प्रमाण मराठीत सांगतो. बाबूजी सोयाबीन पेरायच्या आधी शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे. काही दिवसांनी उघडून कोंब मोजायचे. सत्तर उगवले तर बियाणं चाललं. कमी असले तर एकरी बियाणं वाढवायचं, फारच कमी असले तर ती पिशवी बाद. दुकानदारानं कितीही छातीवर हात ठेवून सांगितलं तरी गोणपाटाशिवाय विश्वास नाही. शेजारचे हसायचे. त्यातले काही जण नंतर दुबार पेरणीसाठी कर्ज काढताना पाहिले.

मी शेती करत नाही, संभाजीनगरला कर्ज विभागात बसतो. पण कुठलीही गोष्ट थोडी भिजवून बघितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. नवीन माणूस ऑफिसात आला की आधी एक बारकं काम देतो. मुलीसाठी स्थळ आलं तेव्हा मुलाला म्हटलं, चला, वावर बघून येऊ. दिवसभर उन्हात फिरवला. मुलगी म्हणाली, "बाबा, गोणपाटात गुंडाळला का त्याला?"

उगवला, बरं का. चांगला निघाला.

दीडशहाणा | ३:११

शंभरातून एकच जावई भिजवला. नमुना फार लहान आहे, निष्कर्ष ग्राह्य नाही.

पोथी_आणि_पुरावा | सायं. ५:४५

थोडं सार्वजनिक उदाहरणांकडे वळतो. आवडलं नाही तर पुढे सरका.

डॉ. आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'साठी १९५६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत वडिलांची आठवण आहे. रामजी सुभेदार कबीरपंथी, लष्करातले. मुलांना रामायण-महाभारत वाचायला लावायचे. मुलानं विचारलं, ज्या ग्रंथांत शूद्र-अस्पृश्यांना कमी लेखलंय ते आम्ही का वाचायचे? वडिलांचं उत्तर साधारण असं की, आपण अस्पृश्य, तुमच्यात न्यूनगंड येण्याचा धोका आहे. द्रोण, कर्ण कुठून कुठे पोचले बघा, वाल्मीकी कोळी असून रामायणाचा कर्ता झाला. मुलाला ते पटलं नाही, हेही त्यानंच लिहून ठेवलंय. मला यातलं सगळ्यात मोलाचं हे वाटतं की प्रश्न विचारता आला आणि बापानं उत्तर दिलं. परळच्या चाळीतल्या एका खोलीत राहून मुलाच्या पुस्तकांसाठी पैसे उभे करणारा हा माणूस फेब्रुवारी १९१३ मध्ये गेला. त्याच वर्षी मुलगा कोलंबियाला निघाला.

दुसरी जोडी कर्वे पिता-पुत्रांची. अण्णासाहेबांनी १८९३ साली विधवेशी लग्न केलं, समाजाचा बहिष्कार सोसला, पण पुढे सगळं सबुरीनं, माणसं जोडत, वर्गणी मागत. मुलगा रघुनाथ त्याच प्रश्नाला थेट भिडला. संततिनियमनाचा प्रचार, त्यापायी प्राध्यापकी सोडावी लागली, १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक, मग अश्लीलतेचे खटले. स्त्रीच्या भल्याची तळमळ एकच, चालीत जमीनअस्मानाचा फरक. तेव्हा मुक्काम_सातारा म्हणतात तसं नुसती लकब उतरते असं नाही. कधी प्रश्न वारशानं येतो आणि उत्तर मुलाला स्वतःचं शोधावं लागतं.

(१९३४ च्या खटल्यात रघुनाथरावांची बाजू कोर्टात मांडली ती डॉ. आंबेडकरांनी. दोन्ही उदाहरणं एकाच कोर्टात भेटतात.)

तात्यांचा_बंड्या | ५:५८

साहेब नेहमीप्रमाणे संदर्भासह स्पष्टीकरण देऊन गेले. पण तो शेवटचा कंस भारी आहे.

नाव_नको | ६:२०

@पोथी_आणि_पुरावा, प्रश्न विचारता आला आणि उत्तर मिळालं, हे वाक्य डोक्यात राहिलं. माझा मुलगा दहा वर्षांचा आहे. सारखं "का?" विचारतो. मी कंटाळलेला असलो तरी उत्तर देतो. आवाज चढायला लागला की मात्र गच्चीवर जातो, कारण तो चढलेला आवाज माझा नाही, कुणाचा आहे ते मला ओळखू येतं.

@मोरपिसारा, राग नाही. आईसुद्धा मला हेच म्हणते.

मोरपिसारा | ६:४१

माझं चुकलं. सवयीनं लिहून गेले. माझ्या वडिलांची एक सवय आहे तशी, दुसऱ्यांचं बोलणं मध्येच सुधारायची. आत्ता लक्षात आलं.

शेवंता | रात्री ८:१५

मधल्या नावाचा मुद्दा कुणी काढला नाही अजून. आपल्याकडे वडील कागदोपत्री जन्मभर आपल्या मध्ये बसलेले असतात. मुलींच्या बाबतीत लग्नापर्यंत, मग तिथे नवरा येऊन बसतो. मी बदललं नाही. बाबांना वाटलं होतं मी त्यांच्या प्रेमापोटी ठेवलंय. खरं कारण असं की सगळी सर्टिफिकेटं त्याच नावावर होती आणि मला हेलपाट्यांचा कंटाळा आला होता. हे त्यांना सांगितलं नाही. ते पाहुण्यांना अभिमानानं सांगायचे, "लेकीनं माझं नाव टाकलं नाही."

आता १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. माझ्या भाचीचं नाव तसं लागलंय. कानाला अजून सवय नाही, पण बहीण रोज एकदा पूर्ण हाक मारून घेते.

दीडशहाणा | ८:२०

फॉर्मातले चौकोन पुरणार नाहीत. दक्षिणेतल्या मित्रांना आपण हसायचो, आता ते हसणार.

गुहागर_ते_परळ | ९:५०

आमचे वडील आमच्यात राहिलेच नाहीत, तरी उतरले ते कसे ते सांगतो.

वडील मुंबईत, आम्ही गुहागरजवळ गावी. वर्षातून गणपती आणि शिमगा, मिळून वीसेक दिवस. बाकी वर्षभर वडील म्हणजे मनीऑर्डर. त्या फॉर्मच्या तळाशी निरोपाला टीचभर जागा असायची. पोस्टमन पैसे देताना तेवढा तुकडा फाडून हातात द्यायचा. "पैसे पाठवले. पावसाआधी कौले परतून घ्यावी. पोरास मारू नये." संपलं. पुढच्या महिन्यात, "पैसे पाठवले. म्हशीस दाखवून आणावे. पोरास मारू नये."

आईला वाचता येत नव्हतं. वाचून दाखवायचं काम माझं. एकदा मी शेवटी घातलं, "पोरास बॅट घेऊन द्यावी." आईनं तुकडा हातात घेतला, उलटासुलटा केला आणि म्हणाली, "एवढ्याश्या जागेत एवढं कसं मावलं रे?" त्या दिवशी वडिलांचा हुकूम मोडला गेला.

आईनं ते सगळे तुकडे तारेला टोचून ठेवलेत. ती गेल्यावर मोजले, दोनशे अकरा. एकाही तुकड्यावर "आठवण येते" नाही. आणि "पोरास मारू नये" नाही असाही एक नाही.

माझा मुलगा टोरंटोला असतो. तक्रार करतो की बाबा, तुमचे मेसेज तारेसारखे असतात. "पोचले. जेवलास? थंडीत टोपी घाल." मला लांब लिहिता येतच नाही. हे इथलं आयुष्यातलं सगळ्यात मोठं लेखन.

गिरणगावची | १०:०४

दोनशे अकरा. बापरे. तार काढून ठेवा हो, गंजली तर कागद जाईल. पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा आणि आधी फोटो काढा, शाई उडते.

गुहागर_ते_परळ | १०:१०

काढतो. पोचले.

भुसावळ_जंक्शन | १३ जून, सकाळी ८:३०

बायकोला धागा वाचून दाखवला. ती म्हणे तुमचे बाबा तरी सिग्नल म्हणायचे, मी कुणाची लेक म्हणून म्हणतेय?

मुक्काम_सातारा | रात्री ९:१५

मंडळी, प्रकरणाला वेगळंच वळण लागलंय.

काल मावशीचा फोन आला होता. हा धागा डोक्यात होता म्हणून तिला अण्णांच्या फेरीबद्दल सांगितलं. ती हसायलाच लागली. म्हणाली, "अरे, ही तर आमच्या बाबांची!" बाबा म्हणजे माझे आईकडचे आजोबा. कराडजवळ त्यांची शेती, गोठा. अण्णांची पहिली बदली कराडला झाली तेव्हा भाडं वाचवायला अण्णा-आई दोन वर्षं तिकडेच राहिले. जावयाचा आणि सासऱ्यांचा आधी एकमेकांशी फारसा संवाद नव्हता. आजोबा रात्री कंदील घेऊन फेरी मारायचे, अण्णा मागे मागे जायचे. एवढंच दोघांचं बोलणं.

आता खरी गंमत. आजोबांचा प्रश्न "सगळे आले का" नव्हताच. "सगळी आली का" असा होता. सगळी म्हणजे गुरं! दिवसभर चरायला सोडलेली जनावरं मोजून घ्यायची आणि मग गोठ्याला अडसर घालायचा. अण्णा साताऱ्याला आले तेव्हा गोठा नव्हता, माणसं होती. त्यांनी फक्त लिंग बदललं. आणि कडी आधी डावीकडे ओढायची कारण गोठ्याचा अडसर तसा सरकायचा. आमच्या फ्लॅटच्या कडीला डावीकडे ओढायचं काही कारणच नाही, हे मी काल पहिल्यांदा नीट बघितलं.

म्हणजे गेली नऊ वर्षं मी ज्याला अण्णांचं उरलेलं समजत होतो, ते त्यांनी सासऱ्याकडून उचललेलं.

बायकोला हे सांगितलं. तिनं पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. "म्हणजे इतकी वर्षं तू रोज रात्री म्हशी मोजतोयस?"

दीडशहाणा | ९:१९

एकच आहे म्हणजे. मोजायला सोपं.

मुक्काम_सातारा | ९:२१

तिनं वाचलंय हे. तुमचा पत्ता विचारतेय.

वऱ्हाडी_ठेचा | ९:४०

लेकीसाठी स्थळ बघाल तेव्हा जावयाला दोन वर्षं घरी ठेवा. कंदील मी पाठवतो.

नाव_नको | ११:४८

आज मुलाला झोपवताना सहज म्हणून बघितलं, "सगळे आले का?" तो म्हणाला, "आपण तिघंच तर आहोत, का विचारतोस?"

उत्तर शोधतोय.